‘पाऊच रीसेट’च्या नावाखाली झालेली फसवणूक: सर्जरीनंतर वजन परत वाढलेल्यांनी जरूर वाचा

बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठीच्या, सर्जरीनंतर ज्यांचं वजन पुन्हा वाढतं, त्यांना गाठणं फसवणाऱ्यांना फार सोपं जातं. घरात विषय काढवत नाही, आणि ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांच्यासमोर काट्यावर उभं राहण्याचा तर विचारही नको वाटतो. या संकोचावरच त्यांचा सगळा धंदा उभा आहे. मला त्यात कसं ओढलं गेलं ते सविस्तर सांगते, कारण यात नुसते पैसे जात नाहीत, जीवावर बेतू शकतं.

माझी स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवण्याची सर्जरी, झालेली आहे. सुरुवातीला वजन भराभर उतरलं, मग थांबलं आणि पुढे हळूहळू चढायला लागलं. त्याच सुमारास मोबाइलवर ‘पाऊच रीसेट’ची, म्हणजे ऑपरेशननंतर उरलेलं छोटं जठर (पाऊच) पुन्हा लहान करून देण्याची, जाहिरात दिसली. नाव आणि नंबर भरल्यावर त्याच संध्याकाळी फोन आला. बोलणारी बाई स्वतःला कोच म्हणवत होती. आपलंही ऑपरेशन झालंय, आपलंही वजन परत वाढलं होतं, असं तिने सांगितलं. अर्धा तास तिने नुसतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, तुमचा पाऊच ताणला गेलाय. सात दिवसांत आपण तो मूळ मापावर आणू. आणि हे सर्जनना सांगत बसू नका हं. ते लगेच दुसरं ऑपरेशन सांगतील.”

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. ते प्रेमाने, काळजीच्या सुरात बोललं जातं. पण त्यामागचा हेतू एवढाच असतो, की ज्याला खरं कळतं त्या माणसापर्यंत तुम्ही पोहोचू नये.

कोर्सचा पहिला टप्पा म्हणजे आठवडाभर फक्त पातळ पदार्थ आणि त्यांची पावडर. वजन उतरलं. ते उतरणारच होतं, कारण खाणं एकदम तोडलं की पहिल्या काही दिवसांत शरीरातलं पाणी आणि साठवलेली साखर कमी होते. त्याचा जठराच्या आकाराशी संबंध नाही. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरलेली नळी वर्षांनुवर्षांत थोडी सैल होऊ शकते, पण आठवडाभर पातळ खाल्ल्याने ती आवळली जात नाही. हे मला नंतर आमच्या आहारतज्ज्ञांनी समजावलं. जेवण सुरू झालं आणि वजन होतं तिथे आलं, तेव्हा कोचचं उत्तर तयार होतं: “तुमचं शरीर हट्टी आहे ताई, दुसरा टप्पा घ्यावा लागेल.”

दुसऱ्या टप्प्यात ‘शंभर टक्के हर्बल’ कॅप्सूल आल्या. डबीवर घटकांची यादी नव्हती, नुसतं पानाफुलांचं चित्र. त्यासोबत सूचना आली, की यात सगळं आहे, बाकीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद करा. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त संताप या सूचनेचा येतो. ऑपरेशननंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी हे आयुष्यभर घ्यायचं असतं, कारण खाणंही कमी आणि शोषणही कमी. थायमिनचा, म्हणजे बी-१चा, शरीरातला साठा तर जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. खाणं तुटलेलं, त्यात उलट्या, आणि गोळ्याही बंद, असं झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. असं काही जाणवलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा असतो. माझ्यावर ती वेळ आली नाही, पण बी-१२ आणि लोह दोन्ही घसरलेलं निघालं.

कॅप्सूल सुरू केल्यावर छातीत धडधड व्हायची, रात्र-रात्र झोप नाही. कोच म्हणाली, चरबी जळतेय त्याची खूण आहे. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हार्ट अॅटॅक आणि स्ट्रोकच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढलं गेलं. त्यानंतरही ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये ते तपासणीत पुन्हा पुन्हा सापडत आलंय. म्हणूनच ज्या डबीवर घटक लिहिलेले नाहीत ती तोंडाजवळसुद्धा नेऊ नका.

मी पैसे परत मागितले. जाहिरातीत ‘फरक नाही तर पूर्ण रक्कम परत’ असं ठळक होतं. मग अटींचा कागद पुढे आला: रोज ठरलेल्या वेळेत वजनाचा फोटो, प्रत्येक घासाची नोंद, आणि तिन्ही टप्पे पूर्ण केलेले असले पाहिजेत. तिसरा टप्पा घेतलाच नाही तर परतावा नाही. म्हणजे पैसे परत हवे असतील तर आधी आणखी पैसे भरा. आणि हा तिसरा टप्पा म्हणजे इंजेक्शन.

ते पेन साध्या पाकिटातून आलं. सेमाग्लुटाइड, म्हणजे भूक कमी करणारं औषध, आहे म्हणाले. न उघडलेलं असं पेन २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये ठेवायचं असतं. याच्यासोबत बर्फाची पिशवीही नव्हती. लेबलची एक कड सुटलेली, बॅच नंबर बोटाने घासला तर पुसट झाला. सूचना काय, तर पहिल्याच आठवड्यापासून पूर्ण डोस. खरं औषध आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. ही औषधं चांगली आहेत, सर्जरीनंतर वजन वाढलेल्यांना डॉक्टर ती देतातही. पण नकली पेनांचा सुळसुळाट आहे. २०२३ मध्ये ऑस्ट्रियात अशा पेनांमुळे लोकांची साखर एकदम खाली गेली, आत इन्सुलिन भरलं असल्याचा संशय तिथल्या औषध नियंत्रकांनी व्यक्त केला. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही नकली सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला. ते पेन मी टोचलं नाही. ते घेऊन थेट माझ्या सर्जनकडे गेले.

ओरडा बसेल असं वाटत होतं. सर्जन म्हणाले, “बरं झालं आलात.” मग त्यांनी जे सांगितलं ते कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्या बाईचा फोन दोन मिनिटांत ठेवला असता. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात जठराची बायपास (जठर लहान करून आतड्याला जोडण्याची सर्जरी) झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे थोडं वजन परत येणं हा शरीराचा स्वभाव आहे. भुकेची हार्मोन्स आणि कमी झालेला ऊर्जेचा खर्च मिळून ते वर खेचतात.

त्यांनी आधी कारण शोधलं. थायरॉइड, रक्त, झोप, चालू असलेली सगळी औषधं. नवीन सुरू झालेल्या एका गोळीने भूक आणि वजन वाढतं हे तिथेच निघालं, आणि ती बदलली गेली. एंडोस्कोपीत स्लीव्ह ठीक होती. ‘ताणलेला पाऊच’ ही निव्वळ थाप. आहारतज्ज्ञांनी खाण्याची नोंद वाचली आणि दिवसभर थोडं थोडं कुरकुरीत तोंडात टाकण्याची सवय नेमकी पकडली. असं खाणं स्लीव्हमधून सरकत जातं, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. आता प्रत्येक जेवणात आधी प्रोटीन, दिवसाचं किमान साठ ग्रॅम. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. व्हिटॅमिन पुन्हा सुरू, आणि स्नायू टिकावेत म्हणून वजन उचलण्याचे व्यायाम. वजन सावकाश उतरतंय. यातलं काहीच कुठल्या पाकिटातून येत नाही.

पैसे भरल्याच्या पावत्या, फोनवरचे संदेश, उरलेल्या कॅप्सूल आणि ते पेन, सगळं तक्रारीसोबत दिलंय. तुमच्याकडेही असं काही आलं असेल तर फेकू नका, बॅच नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. कोचचा नंबर बंद आहे, पण तीच जाहिरात आता वेगळ्या नावाने फिरते आहे. ‘सात दिवसांत पाऊच मूळ मापावर’ आणि ‘सर्जन तुम्हाला हे सांगणार नाहीत’ ही दोन्ही वाक्यं जशीच्या तशी आहेत.