मुलांच्या गोष्टी: रुब्रिकने तपासाव्या की चौघांच्या नजरेने?

मुलांनी लिहिलेल्या गोष्टींचा गठ्ठा समोर आहे आणि त्यांतली सर्जनशीलता मोजायची आहे, तर बहुधा दोनच वाटा उरतात. एक रुब्रिकची: कल्पना, कथानक, पात्रं, भाषा, शेवट असे कप्पे पाडायचे आणि प्रत्येकाला गुण द्यायचे. दुसरी मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये मांडलेली सहमतीची: जाणकार परीक्षक एकमेकांशी न बोलता अख्खी गोष्ट वाचतात आणि तिच्या सर्जनशीलतेला एकच गुण देतात. सर्जनशीलता म्हणजे काय, हे त्यांना मुद्दाम सांगत नाहीत.

सर्जनशीलता मोजणाऱ्या टॉरन्सच्या चाचण्या मी विचारात घेतल्या नाहीत. एखाद्या वस्तूचे किती निरनिराळे उपयोग सुचतात ते त्यांतून कळेल, पण गोष्ट लिहिणं हे काम वेगळं. सर्जनशीलतेचे अभ्यासक जॉन बेअर यांच्या अभ्यासांत तर एकाच मुलाची गोष्ट आणि कविता यांच्या सर्जनशीलतेतही फारसा मेळ दिसला नाही.

रुब्रिक मी बरीच वर्षं वापरलं आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एकट्याने तपासता येतं. नवख्या परीक्षकाला आधार मिळतो. ‘माझे दोन गुण कुठे गेले?’ असं मुलाने विचारलं तर बोट ठेवायला जागा असते, आणि ही गोष्ट लहान नाही.

माझं बिनसलं ते एका गोष्टीवरून. एका मुलीने जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीची गोष्ट लिहिली होती. सगळे तिच्यावरून वर जातात, पण वर काय आहे हे तिला कुणीच सांगत नाही. गोष्ट तिथेच थांबली होती. शेवट असा नव्हताच. वाचून झाली आणि माझ्या मनात आकडा आला: २५ पैकी २०. मग मी कप्पे भरायला बसलो. कल्पनेला ५, पात्रांना ५, कथानकाला ४, भाषेला ४. झाले १८. म्हणून नसलेल्या शेवटाला २ दिले. बेरीज आधी आणि कप्पे नंतर! जुने तक्ते काढून पाहिले, तर कल्पना आणि भाषा या दोन कप्प्यांत एकापेक्षा जास्त गुणांचा फरक क्वचितच सापडला. एका चांगल्या बाजूचं तेज बाकीच्या बाजूंवर पडतं, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. ते मला माहीतही होतं. तरीही माझा तक्ता म्हणजे माझ्या आवडीनिवडीचा नीटनेटका हिशेब निघाला. कदाचित हा दोष रुब्रिकचा नसून माझाच असेल. तुमचा हात अधिक काटेकोर असू शकतो.

त्यानंतर सहमतीची पद्धत करून पाहिली. मुलांचं लेखन नेहमी वाचणारे आम्ही चौघे. अक्षर आणि शुद्धलेखन आड येऊ नये म्हणून गोष्टी टाइप करून घेतल्या, चुकाही दुरुस्त केल्या. प्रत्येकाचा गठ्ठा वेगळ्या क्रमाने पिसला, कारण लागोपाठ तीन भुतांच्या गोष्टी वाचल्यावर चौथ्या भुताला न्याय मिळत नाही. आधी सगळ्या वाचायच्या, मग एकमेकींच्या तुलनेत १ ते ५ गुण. भाषेच्या सफाईला स्वतंत्र गुण ठेवले, म्हणजे ती सर्जनशीलतेत झिरपत नाही. परीक्षकांचा मेळ ० ते १ च्या मापावर ०.७ च्या पुढे असला की तो चालण्याजोगा मानतात. मी आकडा काढला नाही, नुसते चार कागद शेजारी ठेवले. वरच्या पाच-सहा गोष्टी जवळजवळ त्याच होत्या.

अडचणी आहेतच. वेळ चौपट जातो. हे गुण त्या गठ्ठ्यापुरतेच खरे. मागच्या वर्षीच्या गोष्टींशी त्यांची तुलना करता येत नाही. आणि मुलाला ‘तुला ३.५’ यापलीकडे सांगायला हाती काही उरत नाही. त्यामुळे वर्गात रोजच्या सुधारणेसाठी तपासायचं असेल, किंवा तुम्ही एकटेच असाल, तर मी रुब्रिक टाकून द्या म्हणणार नाही. निवड करायची असेल, एखाद्या उपक्रमाने फरक पडला का ते पाहायचं असेल (अशा वेळी आधीच्या आणि नंतरच्या गोष्टी एकाच गठ्ठ्यात मिसळा), तर मात्र माणसं जमवा. चार नाही जमली तर तीन.

पायरीची ती गोष्ट मी या गठ्ठ्यातही सरकवली होती. दोघांनी तिला ५ दिले, मी ४, आणि चौथ्या बाईंनी २. नंतर कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘अहो, शेवट कुठाय तिला?’ त्यांचे २ तसेच ठेवले.