शुद्ध तांब्याची केबल की मुलाम्याची? इमारतीतील नेटवर्कसाठी निवड करताना

इमारतीत नेटवर्कची केबल टाकायची ठरली की चर्चा बहुधा कॅट-६ या दर्जाची घ्यावी की कॅट-६ए, यावरच रंगते. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: आतली तार सबंध तांब्याची आहे, की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, म्हणजे सीसीए? बाजारात दोन्हींच्या आवरणावर ‘कॅट-६’ छापलेले आढळते, दोन्हींवर नेट चालते आणि सीसीएचे खोके बरेच स्वस्त पडते, त्यामुळे हा प्रश्न पुष्कळदा मागेच राहतो.

सीसीएच्या बाजूने बोलायचे तर ती वजनाला हलकी असते, आणि अंतर थोडे असून केबलमधून फक्त डेटा जाणार असेल, तर रोजच्या वापरात फरक जाणवेलच असे नाही.

माझे मत पक्के झाले ते एका कॅमेऱ्यामुळे. आधीपासून सीसीए टाकलेल्या एका इमारतीत पार्किंगच्या टोकाचा, नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारा (पीओई, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट) कॅमेरा दिवसभर बिनतक्रार चालायचा आणि अंधार पडला की बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. कॅमेरा बदलून पाहिला, नेटवर्क स्विचचा पोर्ट बदलला, जॅक नव्याने पंच केला (त्यात तारा पुन्हा दाबून बसवल्या). दिवसा सगळे ठीक आणि संध्याकाळी पुन्हा तेच. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त वीज ओढतो, प्रवाह वाढल्याने लांब केबलमधला व्होल्टेज ड्रॉप वाढतो आणि टोकाला पुरेसा दाब न उरल्याने कॅमेरा बंद पडतो. तो बंद पडताच भार उतरतो, म्हणून पुन्हा सुरू होतो, आणि दिवे लागले की पुन्हा बंद. त्याच मार्गाने तांब्याची केबल ओढल्यावर हा त्रास थांबला. लॅपटॉप जोडून इंटरनेट चालते का, एवढेच पाहणाऱ्या चाचणीत असा दोष सापडत नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते.

यामागचे कारण साधे आहे. त्याच जाडीच्या तारेत सीसीएचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि १०० मीटरच्या जोडणीत तारांच्या एका जोडीचा लूप रोध (जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही तारांचा मिळून) २५ ओहमच्या आत असावा हे गृहीत धरूनच आजच्या पीओईची आखणी झालेली आहे. २००३ च्या मानकात पोर्टमागे १५.४ वॅट होते, २००९ मध्ये ते ३० झाले आणि २०१८ पासून ९० वॅटपर्यंत देता येतात. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, त्यामुळे एकत्र बांधलेल्या केबलच्या जुडग्यात हा वाढीव रोध सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो. शिवाय ॲल्युमिनियमची तार वाकवता-सरळ करता लवकर तुटते; जॅक भिंतीच्या बॉक्समध्ये परत ढकलताना एखादी तार तुटली, तर पुन्हा पंच करण्याइतकी लांबी दर वेळी उरेलच असे नाही.

आवरणाबाबत मी शक्यतो एलएसझेडएच, म्हणजे जळताना कमी धूर करणारे हॅलोजनविरहित आवरण, सुचवेन. पीव्हीसी जळताना दाट धूर आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि जिना किंवा बोळ याच सुटकेच्या वाटा असतील तिथे हा फरक जिवावरचा ठरू शकतो. तंग पाइपमधून ओढताना एलएसझेडएच थोडी जड जाते, हे मान्य. मात्र तपशीलपत्रात आग पसरण्याच्या चाचणीचे फक्त आयईसी ६०३३२-१ हे मानक लिहिलेले असेल, तर ती एकट्या उभ्या केबलची चाचणी आहे हे लक्षात ठेवावे. जुडग्याची चाचणी ६०३३२-३ मध्ये येते.

खरेदी करताना केबलचे टोक सोलून तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत चंदेरी धातू दिसला, तर तांबे केवळ वरवरचे आहे. लोहचुंबकाने पोलादी गाभा ओळखता येतो, ॲल्युमिनियम नाही. मोठी खरेदी असेल तर लूप रोधाचा चाचणी अहवाल मागून घेतलेला बरा.

भिंतीत आधीच सीसीए असेल तर ती लगेच सगळी उपटावी असे मी म्हणणार नाही. जवळच्या, केवळ डेटाच्या जोडण्या तिच्यावर राहू द्याव्यात, पॅच पॅनेलवर (सगळ्या केबलची टोके जिथे येतात त्या फळीवर) त्या पोर्टना ‘पीओई नको’ अशी चिठ्ठी लावावी आणि स्विचमध्येही त्या पोर्टची पीओई बंद करून ठेवावी.