काचेचा डबा की स्टीलचा? माझं घोडं झाकणापाशी अडलं

स्वयंपाकघरातले प्लॅस्टिकचे डबे काढायचे, हे एकदा ठरलं की पुढचा पेच समोर येतो: त्यांच्या जागी आणायचं काय? मी आधी तीनेक वर्षं काच वापरली, आता दोन वर्षं बहुतेक स्टील वापरतोय. दोन्हींची भलामण ऐकून कंटाळलेल्यांसाठी हा माझ्यापुरता हिशेब.

माझी काळजी मुळात उष्णतेची होती. नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३ च्या प्रयोगात बाळांच्या खाद्यपदार्थांची प्लॅस्टिकची भांडी मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं तापवली, तेव्हा काहींच्या एका चौरस सेंटीमीटरमधून ४० लाखांवर सूक्ष्म आणि २०० कोटींवर अतिसूक्ष्म कण सुटले. त्याआधी २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी बाळांच्या दुधाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तपासल्या होत्या. पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर नेलं तर लिटरमागे सुटणारे कण सुमारे ६ लाखांवरून साडेपाच कोटींवर गेले. हे वाचल्यावर रोज उरलेलं अन्न प्लॅस्टिकमध्ये गरम करणाऱ्या माणसाने काय करावं? मी काच आणली.

काचेबद्दल तक्रार करायला तशी जागा नाही. फ्रिज उघडला की कशात काय आहे ते दिसतं, डबा तसाच मायक्रोवेव्हमध्ये जातो, डाग नाही, वास नाही. जड असते आणि फुटते, पण ते घेतानाच माहीत असतं. पाच वर्षांत माझे दोनच फुटले आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती.

झाकणाचं मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. काचेच्या डब्यांची झाकणं बहुतेक प्लॅस्टिकचीच असतात, चारी बाजूंनी खटकन मिटणाऱ्या पट्ट्यांची. पहिल्या वर्षी ती छान मिटली. मग एका पट्टीच्या घडीवर पांढरी रेघ उमटली, रेघेची चीर झाली आणि एके दिवशी पट्टी हातात आली. तुटल्या कडेवरून बोट फिरवलं तर बारीक भुसा लागला. हा भुसा इतके दिवस कुठे पडत होता, असा प्रश्न मला तेव्हा पडला. उत्तर नको होतं.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. गरमागरम सूप भरून झाकण लावलं की वाफ वर जाते, झाकणाला आतून थेंब धरतात आणि टपटप खाली पडतात. माझ्या झाकणाची आतली बाजू टोमॅटोने कायमची नारिंगी झाली होती आणि घासणीने ओरखडली होती. म्हणजे ज्याला टाळायला एवढा खर्च केला, तेच प्लॅस्टिक मी अन्नाच्या डोक्यावर पालथं घालत होतो. खोबणीतली सिलिकॉनची रिंग सुरीच्या टोकाने उचकटून तिच्याखालची काळी बुरशी धुणं, हे दर आठवड्याचं काम वेगळंच.

मला वाटलं, मीच जरा जास्त चिकित्सक आहे. मग २०२५ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा संस्थेचे निष्कर्ष आले. काचेच्या बाटल्यांतल्या शीतपेयांत आणि बिअरमध्ये लिटरमागे सरासरी शंभरेक प्लॅस्टिकचे सूक्ष्मकण सापडले, प्लॅस्टिकच्या बाटल्या किंवा कॅनच्या ५ ते ५० पट. दोषी काच नव्हती. कण जुळले ते धातूच्या बुचाच्या बाहेरच्या रंगाशी. साठवणीत बुचं एकमेकांवर घासतात आणि रंगाचे कण पेयात उतरतात. बुचं हवेने फुंकून धुतल्यावर प्रमाण बरंच घटलं. माझा डबा म्हणजे बाटली नव्हे, हे मान्य. पण तेव्हापासून मी भांड्याआधी झाकण बघतो.

स्टीलच्या डब्याला स्टीलचंच झाकण मिळतं, हे माझ्या मते त्याचं निम्मं यश. पण त्याचाही जाच आहे. गरम पदार्थ भरून लगेच झाकण दाबलं तर निवल्यावर ते असं चिकटतं की दोन माणसं लागतात. कडेवरून गरम पाणी सोडलं की सुटतं. डबा एकदा पडून काठ लंबगोल झाला की झाकण पुन्हा नीट बसत नाही. रिंग नसलेल्या डब्यात पातळ पदार्थ पिशवीतून नेण्याचं धाडस करू नका, मी केलंय. शिवाय फ्रिजमध्ये सगळे डबे सारखेच दिसतात, आत काय आहे ते पाहायला प्रत्येक उघडावा लागतो. मायक्रोवेव्हचा तर प्रश्नच मिटला: काढा, बशीत ओता, गरम करा, एक भांडं जास्त घासा.

आंबट पदार्थांबाबत मी काचेच्या बाजूने आहे. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो स्टीलमध्ये फार वेळ राहिले की निकेल आणि क्रोमियम थोडं थोडं उतरतं. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी काचच घ्यावी, तिथे माझं मत बाजूला ठेवा.

या सगळ्याने तब्येत किती सुधारते, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या धमनीतून काढलेले चरबीचे थर तपासले. २५७ पैकी १५० रुग्णांच्या थरांत पॉलिएथिलीन हे प्लॅस्टिक सापडलं आणि पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत अशा रुग्णांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. प्लॅस्टिकमुळेच हे घडलं, असं त्यातून सिद्ध होत नाही. मला मात्र एवढंही पुरलं.

तर, डबा रोज बाहेर न्यायचा असेल आणि हात माझ्यासारखे धांदरट असतील, तर स्टील घ्या. घरीच खाणार आणि मायक्रोवेव्हशिवाय चालत नसेल तर काच. फक्त झाकण काढून गरम करा आणि वर चिनी मातीची बशी ठेवा. माझेही काचेचे चार डबे अजून आहेत, बशीचं झाकण घालून फ्रिजमध्ये बसतात. त्यांची मूळ झाकणं कपाटाच्या मागच्या खणात पडली आहेत, दोन पट्टी तुटलेली, दोन धड. टाकवत नाहीत, वापरवतही नाहीत.