सहा पेट्यांचं टोकण यंत्र: दोन हंगामांनंतर

एकाच पिकावर अख्खा हंगाम टांगायचा नाही असं ठरवलं आणि पहिलं घोडं पेरणीतच अडलं. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर, मका ६० वर, तीळ तर चिमटीनं सोडावा असा. म्हणून ट्रॅक्टरला जोडायचं, तिरप्या तबकड्यांचं बहुपीक टोकण यंत्र, म्हणजे ठरावीक अंतरावर दाणा टाकणारं पेरणी यंत्र, घेतलं.

आधी चांगलं सांगतो. प्रत्येक ओळीला पेटी वेगळी. चार पेट्यांत सोयाबीन, दोन पेट्यांत तूर भरली की आंतरपीक एकाच फेरीत पेरून होतं. सोयाबीनचं टरफल नाजूक, दाणा आपटला की उगवण गेलीच. इथं फिरती तबकडी आपल्या खाचेत दाणा अलगद उचलून नळीत सोडते. बियाण्याची बचत दिसते.

तबकडी बदलणं 'दहा मिनिटांचं काम' असं पुस्तिकेत छापलंय. मला पाऊण तास लागला, त्यात एक नट ढेकळांत हरवला तो वेगळाच.

तिळाची तबकडी सोबत मिळाली, पण खाच मोठी. एकेका खाचेत पाच-सहा दाणे बसले, तीळ दाट उगवला आणि विरळणीत तीन दिवस गेले. यंदा चाळलेली बारीक वाळू मिसळून पेरला, बरा पडला. वाळूनं तबकडी झिजणार, हे मान्य. रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारं जिवाणू खत) लावलेलं बी सावलीत नीट सुकवूनच भरा. ओलसर राहिलं तर खाचेला चिकटतं.

सगळ्यात मोठा फटका नळीनं दिला. वापसा नीट आला नव्हता, म्हणजे जमीन पेरणीजोगी सुकली नव्हती, तरी मी घाई केली. फणाच्या तोंडाशी चिखल बसला, नळी तुंबली आणि एक ओळ बांधापर्यंत कोरडी गेली. कळलं आठव्या दिवशी, शेजारची ओळ वर आल्यावर! जुन्या पाभरीच्या चाड्यावर (बी सोडायच्या वाटीवर) मूठ धरणाऱ्याला हे जागच्या जागी कळायचं. काळ्या नळ्या काढून पारदर्शक बसवल्या, आता मागं चालणाऱ्याला दाणा पडताना दिसतो. शेतात नेण्याआधी चाक उचलून दहा फेरे द्या, नळ्यांखाली पिशव्या बांधून दाणे मोजा. माझ्या एका पिशवीत ६१ निघाले, शेजारच्या पिशवीत ३८.

'पीक बदला, फक्त तबकडी बदला' असं विक्रेता म्हणाला होता. पेरणीपुरतं खरं आहे. पुढं मक्याला चालणारं तणनाशक सोयाबीनला चालत नाही, म्हणजे फवारणी वेगळी. सोयाबीन शंभरेक दिवसांत काढणीला येतं, तूर तेव्हा उभीच असते. मधे हार्वेस्टर कसा घालणार? विळ्यानंच कापलं. आणि चार पोती तिळासाठी व्यापारी गाडी पाठवत नाही, ते ओझं माझंच.

दोन-तीन पिकं घेणाऱ्यानं यंत्र जरूर घ्यावं, पण काढणीची सोय आधी बघून. तिळाच्या बारीक खाचेच्या तबकड्या पेरणीआधीच मागवल्यात. सोयाबीन घरात आलं, त्या अजून वाटेतच आहेत.