लष्करातली वंशावळ सेवा: राणोजींपर्यंत ठाम, त्याच्या वर सांभाळून

ग्वाल्हेरात, लष्कर भागात, घराण्याची वंशावळ करून देणारी एक खासगी सेवा आहे. नाव देत नाही, कारण खाली लिहिलेल्या खोडी या धंद्यातल्या बहुतेकांच्या आहेत. गिऱ्हाईक मुख्यतः शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत आलेली मराठा घराणी, शिवाय थोडी फडणीस-पोतनीस मंडळी. अठरा हजारांत तीस बाय चाळीस इंची कॅनव्हासचा तक्ता मिळतो. सोबत कागदांच्या झेरॉक्स आणि देवनागरी लिप्यंतराची वही, आणि सगळ्याचे स्कॅन पेनड्राइव्हवर. नाशिक-त्र्यंबकची फेरी हवी असेल तर सात हजार वेगळे. मुदत तीन महिने सांगतात, पाच धरून चाला.

वहीचं काम चोख आहे. तक्त्याचा खालचा मोठा भागही चांगला. वरचा तिसरा हिस्सा मात्र भांडून घ्यावा लागतो, आणि गिऱ्हाईक नेमकं त्याच्यासाठीच पैसे मोजतं.

सुरुवातीचा फॉर्म विचार करून केलेला आहे. मूळ गाव, कुलदैवत, देवक, श्राद्धात घेतली जाणारी तीन पिढ्यांची नावं, जुन्या सनदा, जमिनीचे उतारे, लग्नपत्रिका, सगळं विचारतात. मूळ गावावर इतका भर योग्यच आहे, कारण तीर्थोपाध्यायांच्या वह्या (तीर्थाला आलेल्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या) गाव, जात आणि आडनाव यांवर लावलेल्या असतात. नुसतं 'ग्वाल्हेरचे जाधव' सांगून कोणी वही उघडत नाही. इथे एक गोष्ट सेवेला पक्की कळली आहे. उत्तरेत आलेल्या घराण्याच्या नोंदी दोन ठिकाणी फुटतात: जुन्या नाशिक-त्र्यंबकेश्वरला, नंतरच्या प्रयाग, काशी, गया, हरिद्वारला. उत्तरेकडच्या वहीत 'हल्ली वस्ती लष्कर' असं लिहिलेलं असलं तर तोच माणूस दख्खनच्या वहीत मूळ गावाखाली सापडतो, आणि दोन्ही नोंदी जुळल्या की वंशावळीचा सगळ्यात अवघड सांधा पक्का होतो. सात हजारांची फेरी म्हणूनच वसूल होते. फक्त उपाध्यायांच्या पानाचा फोटो घ्यायला सांगा. हाताने उतरवून आणलेली नावं पुरावा म्हणून पुढे चालत नाहीत.

मोडी वाचणारा माणूस जाणकार आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, 'राजश्री'चं 'रा', 'चिरंजीव'चं 'चि' करून पुढे पळणारी लेखणी, हे सगळं तो सराईतपणे सोडवतो. 'सुभानजी बिन येसाजी' असं असलं की बाप-लेक नातं सरळ आहे. घोटाळा पत्रांमध्ये होतो. जुन्या पत्रव्यवहारात 'चिरंजीव' पुतण्यालाही म्हणतात, धाकट्या भावालाही म्हणतात. तक्ता आखणारा वेगळा माणूस आहे आणि तो 'चि.' दिसला की खाली मुलगा म्हणून रेघ ओढतो. त्यामुळे ज्या दुव्याला फक्त पत्राचा आधार आहे आणि वतनाचा कागद, महजर (सभेपुढच्या निर्णयाचा लेख) किंवा निवाडपत्र नाही, तो दुवा स्वतः तपासा.

नातवाला आजोबाचं नाव ठेवायची चाल हाही तसाच सापळा. शिंद्यांच्याच घराण्यात पानिपतावर गेलेले जनकोजी आणि १८२७ साली गादीवर आलेले जनकोजीराव वेगळे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सामान्य शिलेदाराच्या घरातले दोन जनकोजी एकाच चौकटीत कोंबले जातात आणि मधल्या पिढ्या गायब होतात. वडील-मुलगा यांच्यात साठ-सत्तर वर्षांचं अंतर दिसलं की हाच प्रकार असल्याची शंका घ्यावी.

तारखांकडे जरा जास्त लक्ष द्या. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन (तेव्हाच्या कारभारातली कालगणना) असतो, तोही अरबी अंकशब्दांत. पानिपतचं वर्ष 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. ५९९ की ६००, हे महिन्यावर ठरतं, कारण सुहूर सन मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सेवेच्या वहीत सरसकट ६०० मिळवलेले दिसतात, त्यामुळे पावसाळ्यातले आणि दसऱ्याच्या सुमाराचे सगळे कागद एक वर्ष पुढे गेले आहेत. हिजरी महिना आणि त्यामागचा 'छ' (चांद्र तारखेची खूण) लिप्यंतरात नीट उतरवलेला असतो. हिशेबात घ्यायला मात्र विसरतात.

याहून वाईट चूक एकं-दहंच्या अदलाबदलीची. 'सबा सितैन' म्हणजे ६७, 'सीत सबैन' म्हणजे ७६. घाईत वाचलं की १७६६-६७ चा कागद १७७५-७६ चा होतो आणि मेलेल्या माणसाच्या नावाने इनाम चालू राहतं. तक्त्यावर कोणी मृत्यूनंतर सनद घेताना दिसलं तर मूळ शब्द उघडून बघा.

आता दत्तक. फॉर्ममध्ये दत्तकाचा रकानाच नाही, ही या सेवेची सगळ्यात न समजणारी उणीव. तीही ग्वाल्हेरात! महादजी १७९४ साली वारले. मागून आलेले दौलतराव त्यांचे बंधू तुकोजी यांचे नातू, आनंदरावांचे पुत्र. दौलतरावांना मुलगा नव्हता. १८२७ साली त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी भाऊबंदांतला मुलगा घेतला, ते जनकोजीराव. तेही १८४३ साली निपुत्रिक गेले आणि त्यांच्या पत्नी ताराबाईंनी जयाजीरावांना दत्तक घेतलं. महादजी ते जयाजीराव ही चार नावं, तीन दुवे, आणि एकही दुवा जन्माने बाप-लेकाचा नाही. गादीची परंपरा म्हणून ही ओळ अचूक आहे. रक्ताची ओळ म्हणून वाचली तर साफ चूक. बडोद्याचे सयाजीरावसुद्धा १८७५ साली जमनाबाईंनी कवळाण्याच्या शाखेतून दत्तक घेतलेले. तक्त्यात दत्तकाला दुहेरी रेघ आणि जन्मदात्या बापाकडे वेगळी बारीक रेघ, एवढं मागून घ्या. सांगितलं तर करून देतात, जादा पैसे घेत नाहीत.

बायकांची नावं 'भार्या' एवढ्यावर आटोपतात, तेही मिळालं तर. याने पुरुषांचीही वंशावळ लंगडी होते. शिंदेशाहीचे संस्थापक राणोजी यांचे जयाप्पा आणि दत्ताजी एका आईचे, तुकोजी आणि महादजी चिमाबाईंचे. पानिपतानंतर महादजींच्या सरदारीवरून वर्षानुवर्षं तंटा चालला त्याचं मूळ या फरकात आहे. बायजाबाईंचं माहेर कागलचे घाटगे, हे लिहिलं नाही तर त्यांचे वडील सर्जेराव घाटग्यांचं शिंदेशाहीतलं वजन कळणार कसं? लग्नपत्रिका तुम्ही आणून देताच, त्यातून माहेर आणि गाव उतरवायला सांगा.

राहिला वरचा हिस्सा, जिथे घराणं मध्ययुगात नेऊन सोडतात. ऑफिसात नमुना म्हणून लावलेला तक्ता शिंदे भाऊबंदांपैकी एका घराचा आहे. खाली कण्हेरखेडची पाटीलकी, राणोजी, त्यांचा १७४५ चा मृत्यू, सगळं कागदाच्या आधारावर. शेंड्याला सेंद्रक घराण्याचा राजा निकुंभाल्लशक्ती. हा राजा खरा आहे, बगुम्रा ताम्रपटाने त्याचा काळ इ.स. ६५५ ठरतो. पण त्याच्यापासून राणोजींपर्यंत तक्त्यात अकरा पिढ्या आहेत. सुमारे एक हजार पासष्ट वर्षं भागिले अकरा: एका पिढीला शहाण्णव-सत्याण्णव वर्षं! पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली तर इथे पस्तीस ते बेचाळीस नावं हवीत. कुठल्याही दुकानात कुठल्याही तक्त्यावर करता येईल अशी ही तपासणी आहे आणि तिला मोडी यावी लागत नाही.

मधल्या अकरांत येलबुर्ग्याचे सिंदही घातले आहेत. कल्याणीच्या चालुक्यांचे हे मांडलिक अकराव्या-बाराव्या शतकात कर्नाटकात होते, त्यांचे शिलालेख स्वतःला नागवंशी म्हणवतात. आडनावाचा आवाज जुळतो, नागाचं चिन्ह जुळतं, म्हणून जोडणी झाली. चिन्ह जुळणं हा तपासाचा धागा झाला, पिढीचा पुरावा नव्हे. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून राणोजींपर्यंत अठरा-वीस पिढ्यांना एकही कागद दाखवलेला नाही.

जाधवांच्या तक्त्यात हीच करामत देवगिरीच्या यादवांशी करतात. तिथे दोन्ही टोकं तरी मजबूत आहेत: यादवांची वंशपरंपरा त्यांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत आहे, आणि १६२९ साली दौलताबादेत मारले गेलेले सिंदखेडचे लखुजी इतिहासात पक्के आहेत. शेवटचा यादव हरपालदेव याचा अंत आणि लखुजींचा उदय यांत मात्र अडीचशेहून अधिक वर्षं आहेत. सेवा तिथेही खालच्याइतक्याच जाड काळ्या शाईने रेघ ओढते. शहाण्णव कुळींच्या यादीचा आधार दिलेला असतो, पण या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि यादी कुळाचं नाव सांगते, बापाचं नाही.

मध्ययुगीन घराण्याचा भक्कम पुरावा कसा असतो हे बघायला ग्वाल्हेरकरांना लांब जायला नको. किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या जैन मूर्तींवर विक्रम संवत १४९७ आणि १५१० चे लेख आहेत, म्हणजे इ.स. १४४० आणि १४५३, आणि त्यांत राज्य करणाऱ्या तोमर डूंगरसिंहाचं नाव आहे. त्याच्याच काळातला, त्याच्याच किल्ल्यावरचा दगड. मानसिंह तोमरापर्यंतची मांडणी असल्या खुणांवर उभी आहे. नंतर कोणी भाटाने सांगितलेल्या कवनावर ती अवलंबून नाही.

म्हणून ऑर्डर देताना लेखी घ्या: कागद असलेल्या दुव्याला अखंड रेघ, परंपरेने सांगितलेल्याला तुटक, आणि जिथे काहीच नाही तिथे मोकळी जागा, प्रत्येक रेघेला वहीतल्या पानाचा क्रमांक. हे सांगितल्यावर काऊंटरवरचा माणूस थोडा नाराज होतो, 'मग भिंतीवर शोभणार नाही' म्हणतो, पण करतो. आगाऊ निम्म्याहून जास्त देऊ नका आणि कॅनव्हासवर छापण्याआधी साध्या कागदावरची प्रत घरच्या थोरल्यांकडून वाचून घ्या. छापल्यावरच्या दुरुस्तीला पूर्ण छपाईचे पैसे लावतात.

मुलीच्या लग्नाआधी घाईत करायचं असेल, नुसती शोभा हवी असेल, तर अठरा हजार जास्त आहेत. तेवढ्यासाठी फ्लेक्सवाला पुरे. जुने कागद घरात पडून आहेत आणि मोडी कोणाला येत नाही, अशांनी जरूर जावं. वहीच्या एकट्या कामाचे बारा हजार घेतात, तक्ता न घेता. आमच्या मते हाच सौदा सगळ्यात चांगला.

मूळ कागद तिथे ठेवून येऊ नका, समोर बसून स्कॅन करून घ्या, ६०० डीपीआयला, मागच्या बाजूसह, कारण मोर्तब आणि शेरे बऱ्याचदा मागेच असतात. घडीवर चिरलेला कागद जोर लावून उघडू देऊ नका. आणि 'टिकेल' म्हणून फुकट लॅमिनेशन करून देतो म्हणाले तर साफ नाही म्हणा: उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि एकदा चिकटलेलं प्लास्टिक कागद फाडल्याशिवाय निघत नाही.