कुत्र्याचा इन्शुरन्स: प्रीमियम किती, मिळतं काय, आणि क्लेम कुठे अडकतो

आधी मुद्द्याचं सांगते. आपल्याकडचा पेट इन्शुरन्स हा मोठ्या ऑपरेशनसाठी आणि ॲडमिट करायची वेळ आली तर त्यासाठी आहे, रोजच्या दवाखान्याच्या खर्चासाठी नाही. हे डोक्यात पक्कं ठेवून घेतला तर चांगला आहे. नाहीतर पहिल्याच क्लेमला डोकं फिरतं.

आमची चिकू इंडी, म्हणजे आपली गावठीच, पाचेक वर्षांची. लोकांना अजून वाटतं की इन्शुरन्स फक्त लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हरवाल्यांनाच मिळतो, पण तसं नाहीये. बजाज अलियान्झने २०२० च्या ऑगस्टमधे कुत्र्यांची पॉलिसी काढली तेव्हाच त्यात देशी आणि क्रॉस सगळे घेतले होते, जातीच्या पेपर्सची अट नव्हती. न्यू इंडिया ॲश्युरन्सकडे तर कुत्र्यांचा विमा त्याच्याही आधीपासून आहे. माझी पॉलिसी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही कारण खाली तक्रारही आहे आणि एका क्लेमवरून कोणावर शिक्का मारायचा नाही.

प्रीमियम मला जीएसटी धरून साधारण चार हजार पडला, त्यात ऑपरेशन आणि हॉस्पिटलचं पन्नास हजारांचं कव्हर आणि थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या कुत्र्यामुळे दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर त्याची भरपाई. प्रीमियम ठरतो तो ब्रीड, वय आणि तुम्ही किती रकमेचं कव्हर घेताय त्यावर. जाहिरातीत जो अगदी कमी आकडा दिसतो तो नुसत्या बेसिकचा असतो. ओपीडी, चोरी किंवा हरवणं, मृत्यू, थर्ड पार्टी हे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे भरून जोडायचे असतात. मायक्रोचिप असेल तर काही कंपन्या डिस्काउंट देतात, विचारून घ्या, कोणी आपणहून सांगत नाही. थर्ड पार्टी मात्र घ्याच घ्या. लिफ्टमधे कुत्रा कोणाला चावला, डिलिव्हरीवाला घाबरून पळताना पडला, तर तो खर्च कुठवर जाईल सांगता येत नाही आणि ॲड-ऑनमधे तोच सगळ्यात स्वस्त होता मला.

आता क्लेमचं. पावसाळ्यात चिकूला टिक फिव्हर, म्हणजे गोचिडीमुळे होणारा ताप, झाला. ज्यांनी कुत्रा पाळलाय त्यांना सांगायला नको, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्याफटक, ब्लड रिपोर्टमधे प्लेटलेट्स धाडकन खाली. डॉक्टरांनी ड्रिप सुरू केलं, आणि आपल्याकडे बहुतेक क्लिनिकमधे जे होतं तेच झालं, सकाळी न्यायचं, दोन-तीन तास सलाइन, इंजेक्शनं, मग पायातली सुई तशीच ठेवून वर निळी बँडेजपट्टी गुंडाळून घरी, दुसऱ्या दिवशी परत. रात्री ठेवून घ्यायची सोयच नाही तिथे. दिवसाला हजार-बाराशे ड्रिपचे, टेस्ट वेगळ्या, पुढचा डॉक्सी या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा महिनाभराचा कोर्स वेगळा.

कंपनीने उत्तर पाठवलं की ॲडमिशन नाही म्हणून ही ओपीडी, आणि ओपीडीचा ॲड-ऑन तुम्ही घेतलेला नाही. मला हे अजिबात पटलं नाही. माणसांच्या मेडिक्लेममधे डायलिसिस, मोतीबिंदू डे-केअरमधे धरतात, म्हणजे रात्री न राहताही पैसे मिळतात, मग जनावराला सलग ड्रिप लावलं तर ते काय सर्दी-खोकल्याचं औषध आहे का? आपल्या शहरांत प्राण्यांना रात्रभर ठेवणारे दवाखाने किती आहेत? मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं मोठं झालंय, पुण्यातही थोडे आहेत, पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने काय करायचं? पॉलिसी लिहिणाऱ्यांनी आपल्या क्लिनिकमधे एक दिवस बसून बघायला हवं, खरंच.

मी मेलवर मेल केले, डॉक्टरांनीही लेटरहेडवर लिहून दिलं की ही ट्रीटमेंट घरी देता येण्यासारखी नव्हती आणि प्लेटलेट्स किती खाली होत्या. शेवटी ड्रिपचे आणि टेस्टचे पैसे मिळाले, को-पे, म्हणजे आपण भरायचा ठरलेला हिस्सा, कापून; गोळ्यांचे नाही. तुमचाही क्लेम असा अडला तर फोनवर बोलत बसू नका, सगळं लेखी करा. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात त्यांचं ऑफिस आहे आणि फी लागत नाही.

म्हणून पॉलिसी घेण्याआधी एकच प्रश्न मेलवर विचारा: दिवसा ड्रिप आणि रात्री घरी, हे तुमच्याकडे ॲडमिशन धरतात का? उत्तर जपून ठेवा.

कागदांचं म्हणाल तर कॅशलेस विसरा, मला तरी आधी खिशातून भरून मग बिलं पाठवावी लागली. बिल साध्या चिठ्ठीवर चालत नाही, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर, शिक्का आणि कुत्र्याचं नाव, रंग, वय पाहिजे. लसीकरणाचं कार्ड तर पहिलं मागतात. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो यातलं काही झालं आणि त्या वर्षीची लस नसेल तर क्लेम गेलाच समजा. कार्डावर लसीच्या बाटलीचा स्टिकर आणि तारीख दोन्ही आहे ना ते दवाखान्यातून निघण्याआधी बघा. आधीपासूनचा आजार चालत नाही, आणि पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचा काही काळ आजारपणाचा क्लेम करता येत नाही.

मग पैसे वसूल कुठे होतात? गाडीखाली येऊन पाय मोडला, प्लेट टाकायची वेळ आली तर तीस-चाळीस हजार सहज जातात. मादीची नसबंदी केली नसेल तर वय वाढेल तसा पायोमेट्राचा धोका, गर्भाशयात पू होतो, ऑपरेशन लगेच करावं लागतं, आणि इमर्जन्सीमधे बिल वीस हजारांच्या पुढे जातं. नसबंदीचा खर्च इन्शुरन्स देत नाही, ती आपल्या पैशानेच आणि वेळेत करा. लॅब आणि जर्मन शेफर्डवाल्यांनी हिप डिसप्लेझियाबद्दल, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्याबद्दल, पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचा, कारण जन्मजात म्हणून तो बऱ्याचदा बाहेर ठेवतात.

मांजरांसाठी पर्याय अजून कमी आहेत. एचडीएफसी अर्गोच्या पॉज अँड क्लॉजमधे कुत्र्यांबरोबर मांजरंही येतात, बाकी ठिकाणी नीट विचारा. घरी बोका असेल तर लघवी अडकण्याबद्दल मुद्दाम विचारा, तो त्रास एकदा झाला की पुन्हा होऊ शकतो, दर वेळी कॅथेटर आणि दोन-तीन दिवस दवाखाना, आणि रिन्यूअलच्या वेळी तो आधीचा आजार म्हणून वगळणार का हे पहिल्याच वर्षी कळलं पाहिजे. आमच्या बोक्याची पॉलिसी मी घेतली नाही, त्याच्या नावाने बँकेत महिन्याला पाचशेची आरडी चालू आहे.

चिकूची मात्र रिन्यू करणार, कव्हर थोडं वाढवून. ओपीडीचा ॲड-ऑन घेणार नाही, त्याची वर्षाची मर्यादा आणि प्रीमियम शेजारी ठेवून बघितलं तर हातात फारसं उरत नाही. आणि कुत्रा सहा-सात वर्षांचा होत आला असेल तर आजच चौकशी करा, नवीन पॉलिसीला वयाची मर्यादा असते, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींना तर ती आणखी लवकर लागते.