कॉम्प्रेशन टेस्ट की लीक-डाऊन? जुन्या गाडीच्या पिस्टनवर संशय असेल तर

इंजिन मिसिंग करतंय, ऑइल फिलरचं झाकण काढलं की धूर दिसतो, आणि इंजिन उघडायचं की नाही ते ठरत नाही. या अवस्थेत मी बरेच दिवस काढले आहेत. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं), लीक-डाऊन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारा) आणि बोअरस्कोप (प्लगच्या भोकातून आत पाहायचा कॅमेरा) ही तिन्ही साधनं मी आता वापरतो. पण एकच घ्यायचं असेल तर कोणतं, याबद्दल माझं मत एका प्रसंगाने बनलं. ते सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

माझ्या चार सिलिंडरच्या गाडीत कॉम्प्रेशन टेस्टमध्ये तीन सिलिंडर 140 पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास होते आणि तिसऱ्या क्रमांकाचा फक्त 60 वर. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली, म्हणजे टेस्ट रीतसर केली होती. मग नेहमीप्रमाणे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं. आकडा 65 झाला. ऑइल टाकून (ओल्या टेस्टमध्ये) दाब चढला तर दोष रिंगांचा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांचा, न चढला तर व्हॉल्व्हचा, हा नियम आपण सगळेच पाठ करतो. त्या नियमाने मी हेड (सिलिंडरांवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवलं, व्हॉल्व्ह लॅप करून, म्हणजे घासून नीट बसवून घेतले, नवं गॅस्केट टाकलं, सगळं परत बसवलं. तिसरा सिलिंडर पुन्हा 60.

दोष पिस्टनमध्ये होता. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधली कड, म्हणजे रिंग लँड, एका बाजूने तुटली होती. झिजलेल्या रिंगेची बारीक फट ऑइल बुजवू शकतं, पण लँडचा तुकडाच पडला असेल तर ते सरळ खाली वाहून जातं. पिस्टनला भोक पडलं असेल तरी तेच. म्हणजे पिस्टन जितका जास्त फुटलेला, तितका ओल्या टेस्टमध्ये संशय व्हॉल्व्हवर जातो. कॉम्प्रेशन टेस्टची हीच गोष्ट मला खटकते. आडव्या सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनात तर ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि रिंगेची वरची बाजू कोरडीच राहते, त्यामुळे तिथे ओल्या टेस्टवर मी अजिबात विसंबणार नाही.

हेड उतरवलं तेव्हा तोच पिस्टन माझ्या डोळ्यांसमोर होता. वरून माथा स्वच्छ, कुठे वितळल्याची खूण नाही. लँड बोअरच्या आत दडलेली असते, ती दिसणार कशी? म्हणून बोअरस्कोप घेऊन सगळं कळेल असं कोणी म्हटलं की मला थांबावंसं वाटतं. माथ्याला पडलेलं भोक किंवा भिंतीवरचे ओरखडे त्यात छान दिसतात, पण पिस्टनच्या कडेला काय झालंय ते नाही. साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात तर प्लग अनेकदा व्हॉल्व्हच्या वर असतो, मग कॅमेरा पिस्टनकडे नीट वळतही नाही.

लीक-डाऊनने हेच काम थोड्या वेळात झालं असतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) आणायचा, प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा सोडायची आणि ऐकायचं. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेंसरमधून आली तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. माझ्या गाडीत, दुसऱ्यांदा जोडल्यानंतर, उसना आणलेला टेस्टर लावला तर डिपस्टिकच्या नळीतून हवेचा झोतच आला, म्हणजे हवा पिस्टनजवळून खाली जात होती. थोडी हवा चांगल्या इंजिनातही तिथून येते, म्हणून चारही सिलिंडर एकापाठोपाठ ऐकावेत. बाकीच्या तिन्हींत गळती 8 ते 12 टक्के, तिसऱ्यात 70 च्या वर.

त्रास यातही आहे. कॉम्प्रेसर लागतो, आणि तो चालू असताना फुसफुस ऐकू येत नाही. टाकी भरून तो बंद करावा, मग कान लावावा. पिस्टन टीडीसीपासून जरा हलला तरी हवा क्रँक फिरवते, तेव्हा क्रँकच्या नटावर पाना ठेवून हवा कधीही सोडू नका, हात मोडू शकतो. आणि वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनात रिंगा खाचेत अडकलेल्या असतात. तिथे पहिला आकडा वाईटच येणार, आधी थोडं चालवून पाहणं बरं.

गाडी विकत घ्यायला जात असाल तर मात्र कॉम्प्रेशन गेजच न्या. पिशवीत मावतं, कॉम्प्रेसर लागत नाही आणि सिलिंडरांमधला फरक लगेच दिसतो. स्वतःच्या गाडीचं हेड उतरवायचं की चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी), हे ठरवायचं असेल तर मी लीक-डाऊनकडेच झुकतो.

पिस्टन बदलला तरी काम संपत नाही. माझ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगना स्पार्क वाटणारा भाग) अ‍ॅडव्हान्सच्या, म्हणजे वेगाप्रमाणे स्पार्क लवकर करणाऱ्या यंत्रणेच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या होत्या, स्पार्क वेळेआधी पडत होता आणि चढावर इंजिन नॉक करत होतं, म्हणजे ठोकल्यासारखा आवाज येत होता. लँड त्यानेच तुटली असावी. नव्या पिस्टनसोबत स्प्रिंगाही बदलल्या आणि टायमिंग पुन्हा लावलं, तेव्हापासून चढावरचा तो आवाज नाही.